अणुकेंद्रकातले चौघे

युरेनियम-२३८ च्या केंद्रकात ९२ प्रोटॉन आणि १४६ न्यूट्रॉन दाटीवाटीने बसलेले असतात. हे केंद्रक अस्थिर आहे. कधी ना कधी त्यातून काहीतरी बाहेर पडतं, आणि जवळजवळ दर वेळी ते एकटादुकटा प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन नसतं. बाहेर पडतात ते चौघे एकदम: दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन, एकमेकांना घट्ट बिलगलेले. या चौकडीला अल्फा कण म्हणतात. अर्नेस्ट रदरफर्ड आणि थॉमस रॉइड्स यांनी मँचेस्टरमध्ये १९०८ च्या सुमारास हे कण काचेच्या नळीत साठवले आणि त्यांचा प्रकाश तपासून दाखवून दिलं, की अल्फा कण म्हणजे हेलियमचं केंद्रकच. वाढदिवसाच्या फुग्यात भरतात तो हेलियम जमिनीखालून नैसर्गिक वायूबरोबर मिळतो. तो जवळपास सगळा असाच जन्माला आलेला आहे, खडकांतल्या युरेनियम आणि थोरियममधून कोट्यवधी वर्षं सुटत राहिलेल्या अल्फा कणांपासून.

आत २३८ कण असताना बाहेर नेमके चारच का येतात? ते आतमध्ये आधीपासूनच गट करून असतात, की निघताना जमतात? हा प्रश्न जवळपास शंभर वर्षं अभ्यासला जातोय. त्याच्या मागे गेलं, की तारे कार्बन कसा बनवतात इथपर्यंत जाऊन पोचतो.

सुरुवात ऊर्जेच्या हिशेबापासून करू. केंद्रकाच्या जगात ऊर्जा एमईव्हीमध्ये, म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या मापाने मोजतात. कोळसा जळतो तेव्हा एका कार्बन अणूमागे साधारण ४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळतात, यावरून या मापाचा आवाका लक्षात यावा. आता युरेनियम-२३८ मधून दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन सुटे सुटे बाहेर काढायचे असतील, तर एकूण सुमारे २४ एमईव्ही खर्च येतो. एवढी ऊर्जा केंद्रकाकडे फुकट कुठून येणार? म्हणून सुटा कण बाहेर पडत नाही. पण हेच चौघे एकत्र येऊन अल्फा कण बनले, तर त्या जुळणीतून २८.३ एमईव्ही मिळतात. खर्च २४, मिळकत २८.३. उरलेले ४.३ एमईव्ही घेऊन अल्फा कण वेगाने बाहेर पडतो. किरणोत्सारी युरेनियमचं सगळं वागणं या वजाबाकीतून निघतं.

मग पुढचा प्रश्न: चौघे एकत्र आले की २८.३ एमईव्ही का मिळावेत? एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन जुळले, तर ड्यूटेरॉन बनतो आणि फक्त २.२ एमईव्ही मिळतात. अशा दोन जोड्या वेगवेगळ्या ठेवल्या तर ४.४. त्याच दोन जोड्या एकमेकींत मिसळल्या की एकदम २८.३. ही उडी फार मोठी आहे, आणि तिच्यामागे दोन कारणं आहेत.

पहिलं कारण केंद्रकीय बलाचं. प्रोटॉन-न्यूट्रॉनांना एकत्र धरणारं हे बल अतिशय जोरदार असतं, पण त्याचा पल्ला एक-दोन फेम्टोमीटरचा. एका मीटरचे दहा लाख भाग केले आणि त्यातल्या एका भागाचे पुन्हा शंभर कोटी भाग केले, की त्यातला एक भाग म्हणजे फेम्टोमीटर. एवढ्या जवळ आलं तरच हे बल लागू होतं, आणि त्याहूनही फार जवळ गेलं की उलट ढकलायला लागतं. त्यामुळे प्रत्येक कण फक्त लगतच्या शेजाऱ्यांशी बांधला जातो.

दुसरं कारण वोल्फगांग पाउली यांच्या नियमाचं. दोन प्रोटॉन हुबेहूब एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. दोन न्यूट्रॉनही नाहीत. प्रत्येक कणाला फिरकी असते आणि तिच्या दिशा दोनच. म्हणजे सर्वात खालच्या ऊर्जापातळीवर प्रोटॉनसाठी दोन जागा आणि न्यूट्रॉनसाठी दोन जागा, एकूण चार. अल्फा कणात या चारही जागा भरतात आणि चौघांनाही सर्वात खालच्या पातळीवर, एकमेकांच्या अगदी जवळ राहता येतं. प्रत्येकाला उरलेल्या तिघांची ओढ पूर्ण मिळते. पाचवा आला तर त्याला तिथे जागाच नाही, त्याला वरच्या पातळीवर जावं लागतं, आणि तिथे तो टिकत नाही. पाच कणांची दोन केंद्रकं, हेलियम-५ आणि लिथियम-५, बनता बनताच फुटतात. निसर्गात पाच कणांचं टिकाऊ केंद्रक एकही नाही. उलट अल्फा कणाला नुसतं त्याच्या पहिल्या उत्तेजित पातळीवर न्यायचं म्हटलं, तरी २० एमईव्हीच्या वर ऊर्जा द्यावी लागते. चौघांचं एकमेकांशी इतकं जुळलेलं असतं की त्यांना बाहेरच्याची फारशी गरज उरत नाही. या लेखात पुढे जे जे येईल त्यात हे वाक्य लक्षात ठेवावं.

बाहेरच्याची गरज नाही, हे किती खरं आहे ते बेरिलियम-८ मध्ये दिसतं. त्यात चार प्रोटॉन आणि चार न्यूट्रॉन, म्हणजे बरोबर दोन अल्फा कण. ते एकमेकांना चिकटतील असं वाटतं, पण चिकटत नाहीत. फक्त ०.०९२ एमईव्हीने गणित चुकतं. दोन अल्फा एकमेकांजवळ येतात, क्षणभर थांबतात आणि वेगळे होतात. तो क्षण म्हणजे एका सेकंदाचे एक कोटी भाग करून त्यातल्या एकाचे पुन्हा शंभर कोटी भाग केले, तर तसा जेमतेम एक भाग. म्हणून निसर्गात बेरिलियम सापडतं ते बेरिलियम-९.

न्यूट्रॉनचा शोध जेम्स चॅडविक यांनी १९३२ साली लावला. त्याआधीच्या काळात केंद्रकं अल्फा कणांचीच बनलेली असावीत असं अनेकांना वाटायचं, कारण किरणोत्सारी केंद्रकांतून अल्फा बाहेर येताना दिसत होते. न्यूट्रॉन सापडल्यावरही ही कल्पना लगेच सुटली नाही. १९३८ मध्ये लॉरेन्स हॅफस्टॅड आणि एडवर्ड टेलर यांनी एक साधी मोजणी केली. ती इथे करून बघण्यासारखी आहे.

कार्बन-१२ म्हणजे तीन अल्फा. ते एका त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर ठेवले, तर त्यांच्यात तीन जोडण्या होतात. ऑक्सिजन-१६ म्हणजे चार अल्फा. ते त्रिकोणी सूचीच्या चार टोकांवर ठेवले, तर सहा जोडण्या. आता मोजलेले आकडे बघा. कार्बन-१२ चे तीन अल्फा सुटे करायला ७.२७ एमईव्ही लागतात. तीनने भागा: २.४२. ऑक्सिजन-१६ चे चार अल्फा सुटे करायला १४.४४ एमईव्ही लागतात. सहाने भागा: २.४१. मॅग्नेशियम-२४ च्या सहा अल्फांमध्ये बारा जोडण्या धरल्या, तर तिथेही २.४ च्या जवळचाच आकडा येतो. शाळकरी भागाकाराने केंद्रकाच्या पोटातलं काहीतरी हाती लागल्यासारखं वाटतं, आणि मला आजही हे आकडे बघताना आनंद होतो.

पण फक्त या भागाकारावर विसंबून चालत नाही. बेरिलियम-८ मध्ये एक जोडणी आहे, तिथे २.४ एमईव्ही मिळायला हवे होते, आणि मिळतं उणे ०.०९२. शिवाय आकाराचा प्रश्न आहे. अल्फा कणाची त्रिज्या सुमारे १.७ फेम्टोमीटर, म्हणजे दोन अल्फा नुसते शेजारी ठेवले तरी त्यांच्या मध्यांत ३.४ फेम्टोमीटर अंतर हवं. कार्बन-१२ च्या केंद्रकाची मोजलेली त्रिज्या सुमारे २.५ फेम्टोमीटर. एवढ्यात तीन अल्फा त्रिकोणात बसवायचे, तर त्यांच्या मध्यांतलं अंतर जेमतेम ३ फेम्टोमीटर येतं. म्हणजे ते एकमेकांत शिरलेले असणार. आणि शिरले की पाउलींचा नियम आड येतो: एका अल्फामधला प्रोटॉन आणि दुसऱ्यामधला प्रोटॉन एकाच जागी एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत, त्यामुळे चौघांचे गट काही प्रमाणात मोडतातच. कार्बनच्या सर्वात खालच्या अवस्थेत अल्फा कण आहेतही आणि पूर्णपणे नाहीतही.

जॉन व्हीलर यांनी १९३७ मध्येच हे ओळखलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की कण कोणत्याही एका गटात कायमचे बसलेले नसतात. आत्ता जो प्रोटॉन या गटात आहे तो पुढच्या घडीला त्या गटात असेल, गट मोडतात, पुन्हा बनतात, आणि केंद्रकाचं वर्णन या सगळ्या शक्यता एकत्र धरूनच करायला हवं. कणांच्या अशा गटांना गुच्छ म्हणतात. गुच्छांबद्दल वाचताना डोळ्यांसमोर विटांची भिंत येते. ती बाजूला सारून व्हीलर यांचं चित्र समोर ठेवलं, तर पुढचं सगळं सोपं जातं.

१९४९ मध्ये मारिया गेपर्ट-मायर आणि हान्स येन्सन यांनी कवच-प्रतिमान मांडलं. त्यात प्रत्येक कण इतर सगळ्यांच्या एकत्रित ओढीत आपापल्या कक्षेत स्वतंत्रपणे फिरतो. २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६ इतके प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन असलेली केंद्रकं विशेष टिकाऊ का, याचं उत्तर त्यातून मिळालं आणि १९६३ चं नोबेलही. बहुसंख्य केंद्रकांचे गुणधर्म या प्रतिमानातून इतके नेमके निघायला लागले की अल्फा-गुच्छांची गोष्ट मागे पडली. स्वतंत्र कणांचं चित्र खरं असेल, तर गुच्छ कुठे राहतात?

याचं उत्तर १९६८ मध्ये जपानमधून आलं. कियोमी इकेदा, नोबोरू ताकिगावा आणि हिसाशी होरिउची यांनी सांगितलं, की गुच्छ शोधायचे तर केंद्रकाच्या सर्वात खालच्या अवस्थेत नको, उंबरठ्याजवळ शोधा. उंबरठा म्हणजे केंद्रकाचे त्या त्या गुच्छांत तुकडे होण्यासाठी लागणारी ऊर्जा. कार्बन-१२ साठी तीन अल्फांचा उंबरठा ७.२७ एमईव्ही. निऑन-२० साठी ऑक्सिजन-१६ आणि एक अल्फा हा उंबरठा ४.७३ एमईव्ही. मॅग्नेशियम-२४ दोन कार्बन-१२ मध्ये फुटण्याचा उंबरठा सुमारे १३.९ एमईव्ही. केंद्रकाला ऊर्जा देत देत या आकड्यापाशी आणलं, की कण स्वतंत्र फिरणं सोडून नेमके त्याच गुच्छांत जमायला लागतात. कारणही समजण्यासारखं आहे. गुच्छाची आतली बांधणी घट्ट, दोन गुच्छांमधली ओढ क्षीण. उंबरठ्याजवळ गुच्छ एकमेकांपासून लांब जाऊ शकतात, एकमेकांत शिरत नाहीत, पाउलींचा नियम आड येत नाही, आणि प्रत्येक चौकडी पुन्हा पुरती चौकडी होते.

गुच्छ कडेला सापडतात. ऊर्जेच्या कडेला, आणि पुढे बघू तसं, केंद्रकाच्या पृष्ठभागाच्या कडेलाही. माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, आणि तिचं सर्वात मोठं उदाहरण आपल्या शरीरातल्या प्रत्येक कार्बन अणूच्या जन्मात आहे.

विश्वाच्या सुरुवातीच्या काही मिनिटांत हायड्रोजन आणि हेलियम तयार झाले, अगदी थोडं लिथियम, आणि गाडी तिथेच अडली. पाच कणांचं केंद्रक टिकत नाही, आठ कणांचंही नाही. हेलियममध्ये एक कण घालून पुढे जाता येत नाही, दोन हेलियम जोडूनही नाही. मग कार्बन आला कुठून? एडविन सॅलपीटर यांनी १९५२ मध्ये मार्ग सुचवला. हायड्रोजन संपत आलेल्या ताऱ्याच्या गाभ्यात तापमान दहा कोटी अंशांवर जातं. तिथे दोन अल्फा जुळून बेरिलियम-८ सतत बनत आणि मोडत असतं. कोणत्याही क्षणी सुमारे शंभर कोटी अल्फांमागे एखादं बेरिलियम-८ अस्तित्वात असतं. ते मोडण्याआधी तिसरा अल्फा त्यावर आदळला, तर कार्बन-१२.

ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी आकडे मांडले, तेव्हा या मार्गाने पुरेसा कार्बन बनतच नव्हता. थोडा बनला तरी तो लगेच चौथा अल्फा घेऊन ऑक्सिजन होऊन जायचा. पण विश्वात कार्बन तर भरपूर आहे. हॉइल यांनी उलटा विचार केला: कार्बन-१२ मध्ये तीन अल्फांच्या उंबरठ्याच्या किंचित वर, ७.६५ एमईव्हीच्या आसपास, एक उत्तेजित पातळी असलीच पाहिजे. तशी पातळी असेल तर बेरिलियम-८ आणि अल्फा यांची टक्कर त्या पातळीशी जुळते आणि कार्बन बनण्याचा वेग प्रचंड वाढतो. १९५३ च्या सुरुवातीला ते कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत होते. तिथल्या केलॉग प्रयोगशाळेत विल्यम फाउलर आणि त्यांचे सहकारी होते. आधीच्या काही प्रयोगांत अशी पातळी पुसटशी दिसली होती, काहींत दिसली नव्हती, त्यामुळे तिच्या असण्याबद्दल कोणाची खात्री नव्हती. वॉर्ड व्हेलिंग आणि त्यांच्या गटाने नायट्रोजन-१४ वर ड्यूटेरॉन सोडून, त्यातून निघणाऱ्या अल्फांची ऊर्जा बारकाईने मोजली. पातळी सापडली. हॉइल यांनी सांगितली होती त्याच जागी. आज तिची मोजलेली ऊर्जा ७.६५४ एमईव्ही आहे, म्हणजे उंबरठ्याच्या फक्त ०.३८ एमईव्ही वर. तिला हॉइल अवस्था म्हणतात.

ताऱ्यांकडे बघून केंद्रकाच्या आतली पातळी सांगणं, आणि ती प्रयोगात निघणं, याला विज्ञानाच्या इतिहासात तोड नाही. या गोष्टीला पुढे बरीच झालर लागली, की हॉइल यांनी माणसाच्या अस्तित्वावरून हे भाकीत केलं. त्या वेळी त्यांचं लक्ष मूलद्रव्यांच्या प्रमाणावर होतं. जीवसृष्टीचा मुद्दा नंतर जोडला गेला. फाउलर यांना १९८३ चं नोबेल मिळालं, सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्याबरोबर विभागून. हॉइल यांचं नाव त्यात नव्हतं, आणि ते मला खटकतं. मराठी वाचकांना हॉइल यांचं नाव ओळखीचं असतं ते बहुतेक जयंत नारळीकरांमुळे. कोल्हापुरात जन्मलेले नारळीकर केंब्रिजमध्ये हॉइल यांचेच विद्यार्थी, आणि दोघांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला.

हॉइल अवस्थेत पोचलेलं केंद्रक सुरक्षित झालं असं समजू नये. दहा हजारांतली जवळपास सगळी पुन्हा तीन अल्फांत फुटतात. साधारण चारच प्रारण बाहेर टाकून खाली उतरतात आणि टिकाऊ कार्बन बनतात. एवढ्या गळतीतून तगलेला कार्बन आज आपल्या शरीरात आहे. तो ऑक्सिजन होऊन का गेला नाही, याचं कारणही पातळ्यांमध्येच आहे. कार्बन-१२ आणि अल्फा यांचा उंबरठा ऑक्सिजन-१६ मध्ये ७.१६ एमईव्हीवर येतो, आणि जवळची पातळी आहे ७.१२ वर, उंबरठ्याच्या जरा खाली. ती जरा वर असती, तर बराचसा कार्बन ऑक्सिजनमध्ये गेला असता.

हॉइल अवस्था आतून कशी दिसते, हा वाद मात्र अजून चालू आहे. स्वतंत्र कणांच्या प्रतिमानातून ही अवस्था नीट निघतच नाही. २००१ मध्ये आकिहिरो तोहसाकी, होरिउची, पीटर शुक आणि गेर्ड र्‍योप्के यांनी असं मांडलं, की त्या अवस्थेत तीनही अल्फा मोठ्या जागेत विरळ पसरलेले असतात आणि तिघेही एकाच अवस्थेत एकत्र तरंगतात. २०११ मध्ये जर्मनी आणि अमेरिकेतल्या एका गटाने, अल्फा आहेत असं गृहीत न धरता, बारा सुटे कण आणि त्यांच्यातली बलं एवढंच घेऊन महासंगणकावर गणित केलं. हॉइल अवस्था त्यातून आपोआप बाहेर आली. पुढच्या वर्षी त्याच गटाने दाखवलं, की कार्बनच्या खालच्या अवस्थेत गुच्छांची ठेवण भरीव त्रिकोणासारखी आणि हॉइल अवस्थेत कोपरात वाकवलेल्या हातासारखी लांबट असते. मला या दुसऱ्या गणिताचं महत्त्व जास्त वाटतं. गुच्छ आधी धरून चालणं आणि गुच्छ गणितातून निघणं, यात फार फरक आहे.

प्रयोगही मागे नाहीत. २०१४ मध्ये बर्मिंगहॅमच्या सायक्लोट्रॉनवर, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या यंत्रावर, कार्बन-१२ ची एक पातळी सापडली, जी केंद्रक समभुज त्रिकोणासारखं फिरत असेल तर असायलाच हवी होती. कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरमध्येही हॉइल अवस्था फुटताना पकडण्याचे प्रयोग झाले. प्रश्न असा होता: तीन अल्फा एकदम वेगळे होतात, की आधी एक निघून मागे बेरिलियम-८ राहतं आणि मग ते मोडतं? तीनही अल्फा एकाच वेळी पकडून, त्यांच्या ऊर्जा आणि दिशा जुळवून हे ठरवावं लागतं. वेगवेगळ्या प्रयोगशाळांच्या अशा मोजण्यांतून आता स्पष्ट झालंय, की जवळजवळ सगळी केंद्रकं दुसऱ्या मार्गाने जातात. एकदम तीन तुकडे होण्याचं प्रमाण दहा हजारांत पाचहूनही कमी आहे.

बेरिलियम-९ कडे परत येऊ, कारण त्यात गुच्छांचं आणखी एक रूप दिसतं. दोन अल्फा एकमेकांना धरत नाहीत, पण त्यांच्यात एक न्यूट्रॉन आला की तिघे मिळून कायमचे टिकतात. तो न्यूट्रॉन एका अल्फाचा नसतो, दोघांभोवती फिरतो, जसे रेणूत इलेक्ट्रॉन दोन अणूंभोवती फिरतात. तिघांतला कोणताही एक काढला, तर उरलेले दोघे एकत्र राहत नाहीत. आणि तो न्यूट्रॉन काढायला फक्त १.६७ एमईव्ही लागतात, जे केंद्रकांच्या जगात फारच थोडं आहे. चॅडविक यांनी बेरिलियमवर अल्फा कणांचा मारा करूनच न्यूट्रॉन शोधला. अल्फा आत शिरतो, आतले दोन आणि बाहेरचा एक मिळून कार्बन-१२ बनतो, आणि सैल बांधलेला न्यूट्रॉन बाहेर फेकला जातो.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे: युरेनियममध्ये अल्फा आधीपासून असतो का? १९२८ मध्ये जॉर्ज गॅमो यांनी, आणि स्वतंत्रपणे रोनाल्ड गर्नी व एडवर्ड कॉन्डन यांनी, अल्फा बाहेर कसा येतो ते समजावलं. केंद्रकाभोवती विद्युत अपकर्षणाची एक भिंत असते. अल्फाकडे ती ओलांडण्याइतकी ऊर्जा नसते, पण पुंजयामिकीच्या (क्वांटम मेकॅनिक्सच्या) नियमांनुसार ती भेदून जाण्याची अत्यल्प शक्यता असते. ऊर्जा जरा बदलली की ही शक्यता अफाट बदलते. युरेनियम-२३८ चा अल्फा सुमारे ४.२ एमईव्हीचा आणि अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षं. पोलोनियम-२१२ चा अल्फा ८.८ एमईव्हीचा, आणि अर्धायुष्य सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी. ऊर्जा दुप्पट, आणि आयुष्यातला फरक एकावर तेवीस शून्यांहून मोठा. हे सगळं गॅमो यांच्या गणितातून निघालं. पण त्यांनी अल्फा आत तयार आहे असं धरून गणित केलं होतं. तो तयार असण्याची शक्यता किती, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचं उत्तर पृष्ठभागाकडे बोट दाखवतं. भरलेल्या जत्रेत मधोमध सापडलेलं कुटुंब एकत्र राहू शकत नाही, प्रत्येकाला चारी बाजूंनी रेटा बसत असतो. गर्दीच्या कडेला, जिथे माणसं विरळ होतात, तिथे तेच चौघे पुन्हा एकमेकांचे हात धरतात. केंद्रकाच्या आत घनता जास्त असते, सगळ्या खालच्या पातळ्या भरलेल्या असतात, आणि चौकडीला आपल्या चार जागा मिळत नाहीत. घनता आतल्यापेक्षा बरीच कमी, साधारण पाचव्या हिश्शाच्या खाली आली, की अल्फा पुन्हा अल्फा म्हणून राहू शकतो. जड केंद्रकात अशी विरळ जागा एकच, त्याची साल. डार्मस्टाटचे स्टेफान टायपेल यांनी २०१४ मध्ये गणिताने हेच मांडलं होतं, आणि जोडीला एक भाकीत केलं होतं: केंद्रकात न्यूट्रॉन जितके जास्त, तितके पृष्ठभागावरचे अल्फा कमी.

ओसाकातल्या केंद्रकीय भौतिकी संशोधन केंद्रात जुंकी तानाका आणि सहकाऱ्यांनी हे कथिलावर तपासलं आणि निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. कथिलाची चार समस्थानिकं घेतली: ११२, ११६, १२० आणि १२४. चारहींत प्रोटॉन ५० च, न्यूट्रॉन मात्र ६२ पासून ७४ पर्यंत. त्यांवर ३९२ एमईव्हीचे प्रोटॉन सोडले. प्रोटॉन पृष्ठभागावरच्या अल्फाला धक्का देऊन बाहेर काढतो, आणि प्रोटॉन व अल्फा दोघेही एकाच वेळी शोधकांत पकडले, की अल्फा खरोखर तिथे होता असं म्हणता येतं. चारही समस्थानिकांतून अल्फा निघाले, आणि ११२ पासून १२४ पर्यंत जाताना त्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. न्यूट्रॉन वाढले की पृष्ठभागावर न्यूट्रॉनांची जाड साल तयार होते, आणि चौकडीसाठी लागणारे प्रोटॉन तिथे कमी पडतात. याचा दुसरा अर्थही आहे. अल्फा बनताना सालीतले न्यूट्रॉन वापरले जातात, म्हणून साल बारीक होते. सालीच्या जाडीवरून शास्त्रज्ञ न्यूट्रॉन ताऱ्यांच्या आतल्या पदार्थाचे अंदाज बांधतात, तेव्हा आता अल्फांचा हिशेबही त्यात धरावा लागेल.

गुच्छ अल्फापुरतेच थांबत नाहीत. १९८० मध्ये ऑरेल सँडुलेस्कू, डोरिन पोएनारू आणि वाल्टर ग्राइनर यांनी गणित करून सांगितलं, की काही जड केंद्रकांतून अल्फाहून मोठे गुच्छही बाहेर पडले पाहिजेत. १९८४ मध्ये ऑक्सफर्डच्या एच. जे. रोझ आणि जी. ए. जोन्स यांनी रेडियम-२२३ मधून कार्बन-१४ बाहेर पडताना पकडलं. रेडियम-२२३ आज हाडांत पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरवरच्या उपचारात वापरतात, तिथे त्याच्या अल्फांचा उपयोग होतो. कार्बन-१४ निघतं ते शंभर कोटी अल्फांमागे जेमतेम एक. रोझ आणि जोन्स यांनी अनेक महिने मोजणी केली आणि त्यांच्या हाती अकरा घटना आल्या. तेवढ्या पुरल्या, कारण कार्बन-१४ ची सुमारे ३० एमईव्हीची ऊर्जा अल्फाहून स्पष्ट वेगळी दिसते. पुढे निऑन, मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे गुच्छही जड केंद्रकांतून निघताना सापडले, आणि जवळपास दर वेळी मागे उरलं ते शिसं-२०८ किंवा त्याच्या अगदी शेजारचं केंद्रक, ज्याच्यात ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन असे दोन्ही आकडे पूर्ण भरलेले असतात.